माळेसाठी दोन हूक

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आला तो बहुतेक सही करण्यापुरता. तेव्हा इथे जे चुकेल ते चुकेल, मला माफ करावं. तसं हे कोणी वाचणार नाही. साहेबरावभाऊंबद्दल बोलायला आता आजूबाजूला कोणी राहिलं नाही. रज्जाकभाई होते, तेही दुकान मुलाकडे देऊन घरी बसले. म्हणून लिहिते.

धुळ्याच्या बाहेर, शिरपूरकडे जाणाऱ्या हायवेला लागून भाऊंची पत्र्याची शेड होती. ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचं काम. मी माहेरची असोद्याची, लग्न होऊन धुळ्याला आले. नवरा गेल्यावर सासरच्यांनी हळूहळू बोलणं कमी केलं आणि मी एका खोलीत वेगळी राहू लागले. भाऊंकडे मी झाडू मारायचं काम मागायला गेले होते. दारातच उभी राहिले. भाऊ खाली बसून एका गळक्या नळीला कथलाचा डाग देत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. बाजूला एक रेडिएटर पडला होता, त्याच्या जाळीच्या पातळ पट्ट्या सगळ्या दबून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि एक तुटका कंगवा दिला.

"हे सरळ करता येतं का पाहा. घाई नका करू."

मी तिथेच जमिनीवर बसले. ती जाळी कागदासारखी असते, जोर दिला की फाटते आणि जोर दिला नाही तर हलत नाही. चहाची वेळ झाली तरी मी उठले नव्हते. भाऊ आले, वाकून पाहिलं, आणि आमच्या बोलीत म्हणाले, "तुमना हात हलका शे, ताई. उद्यापासून या."

झाडू शेवटपर्यंत तेच मारत.

माणूस उंच, वाकलेला, कमी बोलणारा. गरम काय आणि थंड काय हे ते नेहमी हाताच्या पालथ्या बाजूने पाहत. इंजिन असो, चहाचा पेला असो की दुपारचा पत्रा असो. तळहातावर इतके घट्टे होते की तिथे काही कळायचंच नाही, असं म्हणायचे. गिऱ्हाइकाच्या गाडीत बसायची वेळ आली तर आधी सीटवर स्वतःचा धुतलेला टॉवेल टाकत. कोणी मजुरी कमी करायला लागलं तर भांडत नसत, नुसते दुसऱ्या कामाला लागत. थोड्या वेळाने माणूस आपोआप खिशात हात घालायचा.

आणि एक वाक्य होतं त्यांचं, दिवसातून एकदा तरी यायचं. "हवा येवाले पाहिजे, अन् जावाले बी पाहिजे." हवा यायला पाहिजे आणि जायलाही पाहिजे. लोक रेडिएटरच्या पुढची जागा मोकळी ठेवतात आणि मागची बुजवतात, मग गरम झालेली हवा अडून बसते, असं त्यांचं म्हणणं. पण मी एकदा त्यांच्या घरी डबा पोचवायला गेले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न करून नाशिकला. घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, कड्यांवर धूळ होती.  मी खिडकीकडे पाहते आहे हे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "एकट्या माणसाला किती हवा लागते?"

पोटापुरतं काम ट्रकचं, पण जीव जुन्या गाड्यांत. अशी गाडी वर्षा-दोन वर्षांत एखादी यायची. एक दिवस शिरपूरहून किशोरशेठ आले. त्यांचं जिनिंग आहे, कापसाचं. त्यांच्या वडिलांची एक जुनी अमेरिकन गाडी होती, लांबच लांब, आठ सिलिंडरची. गिअर हाताने टाकायचा नाही, आपोआप बदलायचा. वडील गेल्यावर ती शेडमध्ये बंद होती. शेठच्या आईची, गुजराती घर म्हणून सगळे तिला बा म्हणत, एवढीच इच्छा होती की त्या गाडीतून दसऱ्याला घाट चढून वरच्या देवीला जायचं. नवऱ्याबरोबर दर वर्षी जायची तशी. शेठनी इंजिन दुसरीकडून नीट करून आणलं होतं. गाडी सपाटीवर वाऱ्यासारखी पळे, पण घाटाला लागली की गिअरबॉक्समधलं तेल तापून जळका वास यायचा.

भाऊंनी गाडी फिरवून आणली आणि सांगितलं, "ह्या तेलाला वेगळा कूलर बसवावा लागेल. थंड मुलखातली गाडी आहे. आपलं ऊन तिला माहीत नाही."

शेजारी रज्जाकभाईंचं पंक्चरचं दुकान. ते ऐकून लगेच ओरडले, "सायबू, गाडीला कूलर? अरे, आधी माझ्या दुकानात एक बसव! मी इथे उकडून मरतोय!"

"तुला बसवला तर पाणी कोण भरेल?" भाऊ म्हणाले.

कूलर म्हणजे छोट्या रेडिएटरसारखी एक चपटी जाळी. मुंबईच्या जुन्या बाजारातून आली, तीही दबलेली. ती सरळ करणं माझ्याकडे. तोवर भाऊंनी मला पितळी पत्रा कापून, घासून एक नवा कंगवा करून दिला होता, त्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. त्या कूलरबरोबर प्लास्टिकच्या लांब पट्ट्याही आल्या होत्या. जाळीतून आरपार घालायच्या आणि मागच्या मोठ्या रेडिएटरलाच आवळायच्या, की झालं काम. भाऊंनी त्या पट्ट्या उचलून केराच्या डब्यात टाकल्या.

"गाडी थरथरते तशी ही पट्टीही थरथरते. घासून घासून नळीला भोक पडतं. तेव्हा बसवणारा कुठे असतो? तो घरी जेवत असतो."

त्यांनी लोखंडी पट्टीच्या चार पकडी केल्या. प्रत्येकीखाली ट्यूबच्या रबराची चकती, म्हणजे कूलर पकडलाही जाईल आणि त्याला धक्काही बसणार नाही. नळ्यांची तोंडं वरच्या बाजूला ठेवली, नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकतो. मोठ्या रेडिएटरपासून बोटभर अंतर सोडलं. जागा सापडायलाच किती दिवस गेले. शेवटी गाडीच्या तोंडाच्या जाळीमागे, खालच्या अंगाला जागा धरली, कारण तिथे हवा सरळ येत होती.

सरळ येते हे त्यांना कसं कळलं, तर उदबत्तीने. भाऊ बौद्ध, त्यातून पूजाअर्चा करणाऱ्यांतले मुळीच नव्हेत. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्यांनी उदबत्तीचा पुडा मागितला तर दुकानदार बघतच राहिला. "काय भाऊ, या वयात देवाकडे वळले का?"

"नाही. गाडीला दाखवायची आहे."

मग इंजिन चालू करून ते उदबत्ती गाडीच्या तोंडापुढे इकडून तिकडे फिरवू लागले. धूर कुठे आत ओढला जातो आणि कुठे नुसता वर जातो, ते पाहत. रज्जाकभाई खुर्ची घेऊन समोर बसले. "अरे, आरती तरी म्हण! नारळ आणू का?" भाऊंना हसू आलं, पण त्यांनी हात हलू दिला नाही. मी त्यांना त्या दिवशी जितकं हसताना पाहिलं, तितकं नंतर पाहिलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठ गाडी घेऊन गेले. भाऊंनी स्वतः घाटातून चालवून आणली होती, तेल तापलं नव्हतं. "खुशाल न्या आईला," असं त्यांनी सांगितलं. दसऱ्याला आमची शेड बंद असायची. तो दिवस भाऊंचा विहारातला. पांढरे कपडे घालून पहाटे जायचे, दिवस मावळल्यावर यायचे. त्या दिवशी रस्त्यावर काय चालतं हे त्यांनी जन्मात पाहिलं नसावं.

दुसऱ्या दिवशी क्रेनला लटकून ती गाडी परत आली. पाठोपाठ शेठ.

"खुशाल न्या म्हणाला होतात ना? अर्ध्या घाटात गिअरबॉक्स जळाला. धूर निघाला धूर! माझी आई भर उन्हात रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. ती रडत नाही कधी, काल रडली."

भाऊंनी तेलाचा एक थेंब बोटावर घेतला. ते तेल लाल असतं, आता काळं होतं. वास घेतला. म्हणाले, "उघडून पाहतो. चूक माझी असेल तर खर्च माझा."

"आणि नसेल तर कोणाची असेल?" असं म्हणून शेठ गेले.

भाऊंनी पकडी पाहिल्या, नळ्या पाहिल्या, सगळं जागच्या जागी. मग कूलर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी कंगवा घेऊन बसले. पहिल्याच ओळीत काहीतरी अडकलं. ओढून काढलं तर वाळलेली, करपलेली पाकळी. मग आणखी. झेंडूच्या पाकळ्या, पानं, दोऱ्याचे धागे, सगळं जाळीत घट्ट बसलेलं. माझ्या ओंजळीत मावेनात इतक्या निघाल्या. मला तेव्हा समजलं. दसऱ्याची माळ. जाड, पाणी मारलेली, गाडीच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेली. ती बरोबर खालच्या अंगाला, कूलरच्या पुढ्यात आली. वाऱ्याने आत ओढली गेली आणि कूलरचं तोंड मिटलं.

मी ओंजळ घेऊन भाऊंकडे गेले. मला वाटलं, आता त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "भाऊ, तुमची चूक नाही. ही माळ आहे."

त्यांनी एक पाकळी उचलली. बोटांत फिरवून पाहिली. रज्जाकभाई आले होते, ते म्हणाले, "चल सायबू, लाव फोन शेठला. बोल त्याला, तेरी ही माला थी."

"माळ कोणी केली असेल?" भाऊंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "बानेच केली असेल. दुसरं कोण करणार?"

भाऊंनी पाकळी परत माझ्या ओंजळीत ठेवली. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ऊन देखं, घाट देखा, नळ्या देख्या. बठ्ठं देखं. दसरा नही देखा." सगळं पाहिलं, फक्त दसरा पाहिला नाही, असं. आणि माझ्याकडे वळून, "दसरा तर दर साल येस, ताई. गाडीले माळ घालतीसच लोके. चूक मन्हीच शे."

"अरे पण—" रज्जाकभाई म्हणाले.

"कोणाला सांगायचं नाही. तू पण नाही."

त्यांनी शेठला फोन केला. कूलर चुकीच्या जागी बसवला गेला, चूक माझी, खर्च मी देणार. एकदम नाही जमणार, महिन्याच्या महिन्याला देईन. एवढंच बोलले. पाकळ्या मी कागदात बांधून ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पाहिल्या तर जागेवर नव्हत्या.

गिअरबॉक्सचे भाग बाहेरून यायचे होते, आणि आकडा आमच्या शेडच्या मानाने फार मोठा होता. भाऊंनी घर भाड्याने दिलं आणि शेडमध्येच खाट टाकली. अर्धी शेड एका बॅटरीवाल्याला दिली. दुपारचा चहा बंद केला, मला मात्र देत. मुलीचे नाशिकहून फोन यायचे, आवाज मोठा असल्यामुळे मला ऐकू येई. "बाबा, या ना आता इकडे. किती दिवस तिथे पत्र्याखाली?" भाऊ दर वेळी तेच सांगत, "एक काम राह्यलं आहे. ते झालं की येतो."

पैसे फोनवरून पाठवता येतात हे त्यांना माहीत होतं. पण ते दर महिन्याला एसटीने शिरपूरला जात आणि हातात देत. गाडी दुरुस्त झाल्यावर कूलर पुन्हा बसवायलाही तेच गेले. या वेळी एका बाजूला, चाकाच्या पुढे, त्याला स्वतःचा पंखा. तिथे माळ पोचणार नव्हती. पण बाने पुन्हा गाडीत पाय ठेवला नाही, असं ते परत आल्यावर म्हणाले. तिला वाटायचं, नवऱ्याची गाडी आपल्यावर रुसली.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मग तिला खरं सांगायला नको का?"

"काय सांगू? तिच्या हाताने जळाली म्हणून?"

पुढे मी तो विषय काढला नाही. आम्ही दोघं शेडमध्ये काम करत असू, तासन् तास एक शब्द नाही. बाहेर ट्रक जात. त्या न बोलण्याचीही माणसाला सवय होते. माझ्या खोलीतही शांतताच होती, पण ती वेगळी. मला मनातून वाटे की ते पैसे लवकर फिटू नयेत. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही.

पण फिटत आलेच. एका शुक्रवारी भाऊ म्हणाले, "ताई, उद्या शेवटचा हप्ता. तुम्ही पण चला. कूलर तुम्ही सरळ केला, नव्या जागी बसवलेला तुम्ही पाहिला नाही."

मी धुळ्याबाहेर कधी जात नसे. गेले. भाऊंच्या हातात एक पिशवी होती, कपड्यांची. ते तिथूनच मुलीकडे नाशिकला निघणार हे मला कळलं.

शेठच्या ओसरीवर बा बसली होती, बारीक, पांढऱ्या साडीतली. शेठनी नोटा मोजल्या आणि म्हणाले, "झाले, साहेबरावभाऊ. सगळे आले. खरं सांगू, मला वाटलं नव्हतं तुम्ही इतकं टोकाला न्याल." त्यांच्या आवाजात तेव्हाचा राग नव्हता, थोडी लाज होती.

बाने माझ्याकडे पाहून विचारलं, "आ कोण छे?"

"ह्या आमच्या कारागीर," भाऊ म्हणाले.

मला आजपर्यंत असं कोणी म्हटलं नव्हतं. मी पदर सारखा करत राहिले.

भाऊ म्हणाले, "शेठ, गाडीचं थोडं काम राह्यलं आहे." पिशवीतून त्यांनी पितळेचे दोन हूक काढले, घासून चकचकीत केलेले. गाडीच्या तोंडाच्या वर, बॉनेटच्या दोन कडांना ते बसवले. मग ओसरीपाशी येऊन बाला म्हणाले, "बा, इथून पुढे माळ इथे अडकवायची. मोकळी लोंबली पाहिजे."

"हूँ? गाडीला पुन्हा माळ?"

"मग? माळेशिवाय गाडी कशी निघेल दसऱ्याला?"

बाने त्या हुकांकडे पाहिलं. "त्या वर्षी मी बहु मोटी माळ केली होती," ती म्हणाली. "रात्रभर बसून. त्यांना आवडायची मोटी."

"छान झाली होती," भाऊ म्हणाले.

त्यांनी ती माळ पाहिली नव्हती. करपलेल्या पाकळ्या तेवढ्या पाहिल्या होत्या.

निघताना बा काठी टेकत गाडीपर्यंत आली, दार उघडून मागच्या सीटवर बसली, आणि तशीच बसून राहिली. आम्ही फाटकातून बाहेर पडलो तरी आत बसलेली दिसत होती.

एसटी नाशिकची होती. मला धुळ्याला उतरायचं, त्यांना पुढे जायचं. कंडक्टर आला तेव्हा भाऊंनी सगळे खिसे चाचपले. शेवटचा हप्ता देताना त्यांनी जवळचं बहुतेक सगळं देऊन टाकलं होतं, नाशिकच्या तिकिटाला शंभर रुपये कमी पडत होते. मी पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून दिली. त्यांना अवघड झालं. "परत करतो, ताई."

"राहू द्या, भाऊ."

"नाही, नाही. करतो."

धुळ्याच्या स्टँडवर मी उतरले. भाऊ खिडकीशी होते. काच अडकली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून पूर्ण सरकवली आणि हात बाहेर काढला. हलवला नाही, नुसता पालथा हात बाहेर ठेवला, ऊन किती आहे ते पाहिल्यासारखा. बस वळेपर्यंत तो हात दिसत होता.

शेड बॅटरीवाल्याने पूर्ण घेतली. जाळ्या सरळ करायचं काम त्याने मला ठेवलं आहे. भाऊ नाशिकला वर्षभरच राहिले. ते वारल्याचं त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं.

पण त्याआधीची एक गोष्ट. ते नाशिकला गेल्यावर आठवड्याभरातच एक ट्रकवाला रेडिएटर घेऊन आला. नाशिकचा होता. त्याने विचारलं, "इथे कारागीर ताई कोण?" मी हात वर केला. त्याने खिशातून एक बारीक गुंडाळी काढून दिली. शंभराची नोट होती, वरून सायकलच्या ट्यूबचं रबराचं कडं, कात्रीने एकसारखं कापलेलं.

मी म्हटलं होतं, राहू द्या. मला खरंच वाटत होतं, ते शंभर तरी फेडायचे राहावेत. पण भाऊंनी तेही फेडले.